फवारणीचं औषध

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी वर्गात सांगून टाकलं होतं, नोकरीच्या मागे लागणार नाही, आमच्या धाड गावातच कृषी सेवा केंद्र टाकणार. मैत्रीण सुचिता भागीदार. गाळाही पाहून ठेवला होता.

आडवे आले बाबा. आमचे बाबा, कचरू, दर पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जाणारे. भंतेजींनी एकदा सांगितलं होतं की उपासकाला पाच व्यापार वर्ज्य आहेत: शस्त्रं, माणसं, मांस, दारू आणि विष. बाबांनी ते मनात पक्कं धरलं. बियाणं विक, खत विक, म्हणाले, फवारणीचं तेवढं ठेवायचं नाही. आता कीटकनाशकाशिवाय कृषी केंद्र म्हणजे चहापत्तीशिवाय टपरी. मी चिडलेच. सगळं गाव त्याला औषध म्हणतं, विष कोण म्हणतं, असं विचारलं. शिवाय ते स्वतः रोजानं फवारायला जात, त्याचं काय? फवारणं ही मजुरी, विकणं हा व्यापार, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तोंडाला रुमाल बांधा म्हटलं की हसायचे. तेव्हा मात्र त्यांच्या लेखीही ते औषधच असायचं.

मी हट्ट सोडला. सुचितानं एकटीनं दुकान उघडलं.

त्या भाद्रपदात कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि वारा तोंडावर येत होता. बाबा फवारता फवारता शेतातच कोसळले. बुलडाण्याच्या दवाखान्यात औषध हा शब्द कोणी काढला नाही. डॉक्टर सरळ विषबाधा म्हणाले.

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला.

"मनाली, तू टाक दुकान," ते म्हणाले. "पण याले औषध म्हणू नको. जहर हाये म्हणून सांग, मंग इक."

ज्या होकारासाठी वर्षभर भांडले तो असा मिळाला. मला त्यांचा राग आला, आणि त्याच रागात मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

महिन्याभरानं सुचितानं बोलावलं. भागीदारी अजून तुझीच आहे म्हणाली, काउंटरमागे खुर्चीही ठेवली होती. मी आत पाऊल टाकलं आणि बाटल्यांचा तो उग्र वास आला. बाबा शेतातून यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा. मी पायरीवर बसून रडले. कधीपासून येतेस, असं सुचितानं हळूच विचारलं. मला दुकान नको होतं. मला नाही म्हणणारे बाबा हवे होते.