भांडारबाबांचा अकरा दिवसांचा दोरा

लालबागच्या मसाला गल्लीत दर गुरुवारी रांग लागायची. दुकानदार आपला रिकामा डबा छातीशी धरून उभे असत आणि भांडारबाबा त्याला काळा दोरा बांधत. "अकरा दिवसांत भरेल. पण मालाची ऑर्डर दिलीस ना? आळशाला भांडारेश्वर पावत नाही." डबे खरोखरच भरत. मग पेढे, हार आणि पुढच्या गुरुवारी दुप्पट रांग.

मी परळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मालसाठ्याचं नियोजन शिकवते. विषय इतका रटाळ समजला जातो की मागचे बाक पकडायला मुलं वेळेआधी येतात. म्हणून मी त्यांना स्प्रेडशीटमध्ये खोटं दुकान चालवायला देते. त्यात रोजची विक्री, शिल्लक, ऑर्डर आणि माल पोचायला लागणारे आठ दिवस एवढंच असतं.

श्रेया राणे या माझ्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात मात्र एक जादा रकाना होता, 'बाबा'. दोरा बांधला की एक, नाही तर शून्य.

"हे काय गं?"

"मॅडम, आमचं मसाल्याचं दुकान आहे. आई येत्या गुरुवारी आजीच्या पाटल्या बाबांना देतेय. बदल्यात अक्षय कलश मिळणार, मग म्हणे डबे कधी रिकामेच होणार नाहीत. मी भांडून बघितलं, रडून बघितलं. शेवटी हे केलं."

तिने सगळ्या एकांचे शून्य केले. शिल्लक एका दाण्यानेही हलली नाही. डबा चौदाव्या दिवशी रिकामा, बाविसाव्या दिवशी भरलेला.

गल्लीची रीतच तशी होती. डबा तळ दाखवेपर्यंत माल मागवायचा नाही, नाही तर जुना मसाला खपवतो असा बोभाटा होतो. डबा संपला की घाबरून ऑर्डर द्यायची आणि त्याच घाबऱ्या जिवाने बाबांकडे धावायचं. आठ दिवसांत येणाऱ्या मालाला बाबांनी अकरा दिवसांची मुदत लावली होती, वरचे तीन टेम्पोच्या खोळंब्यासाठी. इतकं चोख नियोजन माझ्या वर्गात आजवर कुणी केलेलं नाही.

श्रेयाच्या आईने, कौसल्याताईंनी, तक्ता बघून हात झटकले. "कम्प्युटरात काय पण दिसतं, मॅडम." मग प्रयोग दुकानातच मांडला. पाटल्या दोन आठवडे थांबतील, एवढं त्यांनी कबूल केलं. दगडफूल आणि तिरफळ, दोन्ही डबे संपले होते. दगडफुलाला फक्त दोरा, तिरफळाची फक्त ऑर्डर. "ऑर्डर दिलीस ना?" या प्रश्नाला कौसल्याताई प्रथमच बाबांशी खोटं बोलल्या आणि घरी येऊन देवापुढे नाक घासलं.

तिरफळ नवव्या दिवशी आलं. दगडफुलाचा डबा बाराव्या दिवशीही दोरा बांधून ठणठणीत रिकामा.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दोन्ही डबे बाबांसमोर ठेवले.

"श्रद्धा कमी पडली, माउली."

"दगडफुलावर तर नुसती श्रद्धाच होती, बाबा. तिरफळाला दोरापण नव्हता. मग ते कसं आलं?"

"त्याची ऑर्डर दिली असशील," बाबा वैतागून म्हणाले.

रांगेत मागे कुणीतरी हसलं आणि एकेक डबा छातीवरून खाली आला.

कौसल्याताई पाटल्या हातातच घेऊन परतल्या. आता डबा निम्मा झाला की त्या ऑर्डरचा फोन लावतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

दोरा बांधून भरलेला डबा कुणीही दाखवेल. दोरा न बांधलेल्या डब्याचं काय झालं, हे विचारायला लाजू नका. विचारण्याने देव रागावत नाही, रागावतात ते बाबा.