सातशे ग्रॅम वजा

विषय : वजनकाटा क्रमांक तीन सदोष असल्याच्या तक्रारीबाबत.
संदर्भ : मुलींची मुष्टियुद्ध निवड चाचणी, ४८ किलोपर्यंतचा गट, बालाघाट.

वरील विषयातला काटा तो मीच. सध्या भरवेलीच्या रस्त्यावरच्या एका धान खरेदी केंद्राच्या गोदामात, अंगावर लाखेची मोहोर घेऊन बसलो आहे.

माझा जन्म गुजरातेतला. ट्रकमधून इथे उतरलो तेव्हा पाट पोलादी, आकडे लाल आणि स्वभाव सरळ होता. आकड्यांची खिडकी मात्र लिहिणाऱ्याच्या बाजूला. ज्याचं वजन होतं त्याला ती दिसत नाही. ही योजना कोणाची, ते मला विचारू नका.

माझा लिहिणारा म्हणजे हेमराजबाबू. माणूस वाईट नाही. चौदा वर्षं त्याने धानाची पोती मोजली. पोतं चढलं की मी आकडा दाखवायचा, आणि त्याने त्यातून बारदान्याचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, सहाशे ग्रॅम आणि ओलाव्याचे शंभर वजा करून मोठ्याने सांगायचं. हळूहळू ही वजाबाकी त्याच्या डोक्यातून उतरून जिभेवर जाऊन बसली.

फेब्रुवारीत हंगाम संपला आणि पटांगण रिकामं झालं. तिथे खाणीतून निवृत्त झालेले महागूकाका मुलींना बॉक्सिंग शिकवू लागले. सामान म्हणजे टिनाच्या शेडला टांगलेलं कोंड्याचं पोतं, उड्या मारायच्या दोन दोऱ्या, आणि मी. खाणकामगार भैयालालची श्रुतिका पहिल्या दिवशी पोत्यावर तुटून पडली आणि झोका खाऊन परत आलेल्या पोत्याने तिला खाली बसवलं.

"पोतं जिकलं," महागूकाका म्हणाले. "उद्या त्याले हरवजो."

दोन महिन्यांत पोत्याची शिवण उसवली.

रोज सकाळी ती भरवेलीपर्यंत धावत जाई, परत येई आणि धापा टाकत माझ्यावर चढे. सुरुवातीला मी एक्कावन्न किलो दोनशे दाखवी. हेमराज ओरडे, "पन्नास पाचशे!" अंगावरचे कपडे म्हणजे बारदाना आणि घाम म्हणजे ओलावा, इतका साधा हिशेब. मुली खूश, महागूकाका खूश. इतक्या विनासायास वजन उतरवून देणारं यंत्र दुसरं नसेल.

निवड चाचणीच्या दिवशी समितीकडे तीन बॅनर होते, काटा एकही नव्हता. म्हणून मला उचलून नेलं, सोबत हेमराजला. श्रुतिका चढली. मी अठ्ठेचाळीस चारशे दाखवले. हेमराजने सत्तेचाळीस सातशे पुकारले आणि लिहिले. खिडकीत डोकावायला कोणी वाकलं नाही. दोन्ही लढती तिने जिंकल्या.

"तीनशे ग्रॅमची जागा हाय अजून," भैयालाल माझ्याच शेजारी उभा राहून म्हणाला. "आता खाय वो माय पोटभर."

"मी त कवापासून म्हणून राह्यली, पोरगी काडी झाली," म्हणत तिच्या आईने, दुर्गाबाईने, डबा उघडला.

तीन दिवसांनी जबलपूरला विभागीय स्पर्धेचं वजन झालं. अठ्ठेचाळीस सहाशे. रिंगणाची दोरी न ओलांडताच ती परत आली. दुसऱ्या सकाळी गोदामात आली, दुसऱ्या एका मुलीला माझ्यावर चढवून खिडकीत डोकावली, हेमराजचा पुकारा ऐकला आणि सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

"काका, तुमी रोज कमी काहून सांगतलं? एक घंटा आधी मालूम असतं त पळूनच उतरवलं असतं मी."

"आदत आहे वो पोरी. पोत्याचं असंच करतो."

"मी पोतं आहे काय?"

हेमराजने तक्रारीचा कागद पुढे ओढला. त्यावर लिहिलं : काटा सातशे ग्रॅम कमी दाखवतो. कागदावर सही, माझ्या अंगावर मोहोर. चौदा वर्षांची नोकरी आहे, मी समजू शकतो.

आता नियम असा की वजनात अपात्र ठरलेल्या खेळाडूला त्या वर्षी पुन्हा चाचणी देता येत नाही. दोष यंत्राचा असल्याचं सिद्ध झालं तरच देता येते. श्रुतिकाचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढची चाचणी वीस नोव्हेंबरला. तिने रीतसर अर्ज केला आहे.

अडचण माझ्या बाजूने आहे. मला तपासलं तर मी ग्रॅमपर्यंत बरोबर निघेन. मी बरोबर म्हणजे दोष तिचा, कारण अहवालाच्या नमुन्यात 'यंत्र' आणि 'खेळाडू' असे दोनच रकाने आहेत. 'सवय' असा तिसरा रकाना छापलेला नाही.

म्हणून साहेब, नम्र विनंती की मला सदोष ठरवावं. आजवर एका ग्रॅमचंही खोटं बोललो नाही. तरी हे सातशे ग्रॅम माझ्या नावावर लिहावेत आणि मला भंगारात काढावं. माझी काही हरकत नाही.

श्रुतिका अजून रोज भरवेलीपर्यंत धावते. आज नोव्हेंबरची अठरा तारीख. काटे तपासणारे अधिकारी धानाच्या हंगामात, म्हणजे डिसेंबरात येतात. काट्याच्या अहवालाअभावी अर्ज प्रलंबित आहे.