सुदेशच्या होडीचं गाऱ्हाणं

होडी सत्यवानाची होती. आता सुदेशची आहे.

मधली गोष्ट एवढीच. कोरोना आला, किनारा पर्यटकांना बंद झाला. उघडला. पुन्हा बंद. तपासणीचा दाखला असेल तर या. नको, कोणीच येऊ नका. तिसऱ्यांदा बंद झाला तेव्हा सत्यवानाने वैतागून होडी चुलतभावाला, मुंबईची नोकरी सुटून आलेल्या सुदेशला, विकून टाकली आणि गावभर हसला, "पर्यटक नाय, तर हो सुदेश फिरवतलो कोणाक? कावळ्यांका?"

मग नियम निघाला : दोन डोस घेतलेल्यांनी खुशाल यावं.

आज होडी पिवळीधमक रंगवून वाळूवर उभी होती. सुदेशचा फोन सारखा वाजत होता. पुण्याची मंडळी मास्क हनुवटीला लावून वाट बघत होती. आणि घरातला थोरला म्हणून गाऱ्हाणं घालायचं होतं सत्यवानाने. या होडीचं भलं कर, असं देवाला त्याने सांगायचं. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी होकार भरायचा.

त्याने नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान आज ही होडी दर्यात घालता हा, तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

(सुकाणूला कापड मी गुंडाळलेलं. तसंच ठेवलंय मेल्याने.)

"वाऱ्या-वादळात तिका राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

(रंगही शोभतो. शोभायला नको होता.)

"आणि ह्या होडयेक..."

इथे गिऱ्हाईक मागायचं. जीभ वळेना. फोन पुन्हा वाजला. सत्यवानाने आवाज उतरवला, शब्द एकमेकांत कोंबले.

"...कोणाचो पाय लागूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे. सवयीने. सगळ्यात मोठ्याने सुदेश, डोळे मिटून, हात जोडून.

सत्यवान गारठला. एकच तोंड बंद होतं. सुदेशची बायको सारिका त्याच्याकडे बघत होती.

"भावजीनू," ती गोड आवाजात म्हणाली, "शेवटचा माका नीट आयकाक इला नाय. परत म्हणा."

"झाला गो. देवान आयकल्यान."

"देवान आयकल्यान म्हणानच सांगतंय."

सुदेशने डोळे उघडले. "म्हण रे दादा. तिचा मन रवांदे."

सत्यवानाने घसा खाकरला. "ह्या होडयेक... गिऱ्हाईक... येवांदे रे म्हाराजा."

या वेळी आधी एकटी सारिका म्हणाली, "व्हय म्हाराजा." सावकाश, एकेक अक्षर दाबून. मग बाकीचे.

नारळ फुटला. सुदेश वाकून पाया पडला. "दादा, तू नवी होडी घी. माझी अर्धी गिऱ्हायका तुझ्याकडे धाडतंय. मनात काय ठेव नको."

मनापासून म्हणाला. तेच वाईट. जळायचं तेवढं जळून झालं, असं सत्यवानाला वाटत होतं. पण असलं मन? ते तर आपल्याकडे कधी नव्हतंच. ते याला कुठून मिळालं?

"बघूया," तो म्हणाला, आणि आशीर्वादाला ठेवलेला हात सुदेशच्या पाठीवरून लगेच काढून घेतला.