आठ दिवसांची गादी

मी काही कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही, हे आमच्या अख्ख्या मोहल्ल्याले माहीत आहे. नळावर माझा आवाज निघाला की बायका आपापल्या बादल्या बाजूले घेतात. म्हून कोणी म्हणलं न, की उमाबाई नणदेच्या नादी लागली, तं माझं डोकंच फिरते. नाही लागली मी कोणाच्या नादी. जे केलं ते माझं मी केलं, अन् काहून केलं तेच सांगते.

आमचे हे, चिंतामण गुरुजी, लालबर्राच्या शाळेत शिकवतात. रोज फटफटीनं जाणं-येणं. दिवाळी झाली अन् याइची पाठ धरली. पहिले वाटलं, रस्ता खराब आहे म्हून. मग वाटलं, वय झालं. पण दुखणं पाठीतून वर सरकत दोन्ही खांद्यांच्या मधात येऊन बसलं, अन् संक्रांतीपर्यंत हे डावा पाय ओढून चालायले लागले. पायरी चढतानी आधी पायाकडे पाहत, मग पाय उचलत. मले ते पाहवत नव्हतं.

शेवटी मी याइले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण पक्की होती. याइच्या तळव्यावर किल्ली ओढून पाह्यली, गुडघ्यावर ठोकून पाह्यलं, अन् आम्हा दोघांले समोर बसवून म्हणाली, "मणक्यात नस दबते आहे. कशानं दबते, ते एमआरआयशिवाय कळणार नाही. गोंदियाला जा, याच आठवड्यात. उशीर केला तर पाय जातील, आणि असे गेलेले पाय परत येत नाहीत." मग चिठ्ठी लिहिता लिहिता सहज म्हणाली, "घरी कापसाची खोलगट गादी असेल तर ती पण बदला. जरा बरं वाटेल."

बस्स. ऑटोत बसल्या बसल्या हे मले म्हणतात, "ऐकलं न? गादीचं आहे."

"अन् पायाचं सांगतलं ते कोणासाठी होतं, ऑटोवाल्यासाठी?"

"डॉक्टर लोक भेव दाखवतातच, उमा. पहिले गादी पाहू."

खरं सांगू का, हा माणूस त्या मशीनले भेत होता. अन् मशीनीतून काय निघते, त्याले तं त्याहून जास्त भेत होता. पण मी सोडणारी नव्हती. गोंदियाचा गुरुवारचा नंबर लावला, गाडीवाल्याले सांगून ठेवलं.

बुधवारी रामपायलीहून मैनाबाई आल्या. याइची थोरली बहीण. भावाले भेटायले आल्या, पलंगावर टेकल्या, अन् बोलता बोलता गादी हातानं दाबून पाहू लागल्या. दोनदा दाबली. मग म्हणल्या, "उमा, हा कापूस कोणाचा आहे वं?"

मी चादरीचा कोपरा खोचायले लागली.

आता लपवून काय करू, सांगूनच टाकते. तीन वर्षांपहिले मामंजी गेले. माणूस ज्या अंथरुणावर गेला ते अंथरूण आमच्यात घरात ठेवत नाहीत. नेऊन टाकतात, नाहीतं देऊन टाकतात. पण मामंजींची गादी नवीकोरी होती, दोन महिने बी झोपले नव्हते तिच्यावर. कापूस असा मऊ की हात काढावासा वाटत नव्हता. मी नुसती खोळ टाकली अन् कापूस पोत्यात भरून वर ठेवून देला. वर्ष झाल्यावर पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला अन् आमच्या गादीत भरला. कोणाले नाही सांगतलं. याइले बी नाही. तेव्हा मले माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. कापसाले काय कळते कोण मेलं अन् कोण जित्तं आहे ते?

"बाजारातला आहे, बाई," मी म्हणलं.

मैनाबाईनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं. "बाबाची गादी अशीच मऊ होती," एवढंच म्हणल्या, अन् चहाचा कप उचलला. भांडल्या असत्या तं मी बी भांडली असती, मोकळी झाली असती.

संध्याकाळी हे म्हणाले, "पहिले गादी बदलू. आठ दिवस पाहू. फरक नाही पडला तं चुपचाप येतो गोंदियाले." अन् मी हौ म्हणलं. मी! फोन करून गुरुवारचा नंबर मीच पुढे ढकलला. कारण माझ्या मनानं घेतलं होतं की हे मीच केलं आहे, बापाच्या मरणाच्या कापसावर मी पोराले झोपवलं. मग मी केलेलं मीच निस्तरीन. चांगली गादी आणीन, अन् सारं पहिल्यासारखं होईन. मशीनीत काही निघालं असतं तं ते माझ्या हातचं नव्हतं न. गादी माझ्या हातची होती.

जुनी गादी मी त्याच संध्याकाळी गावाबाहेर टाकून आली अन् डोक्यावरून आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुलीचंदच्या दुकानात गेलो. दुलीचंद गादीच्या धंद्यात म्हातारा झालेला माणूस. त्यानं याइले एका पलंगावर झोपवलं, तं मैनाबाई किंचाळल्याच, "अरे बापा, पाय दक्षिणेकडे!" दोन माणसं लावून पलंग फिरवला तेव्हा त्या गप बसल्या. मग दुलीचंदनं याइच्या कंबरेखाली आपला पंजा सरकवला. "हाथ आराम से घुस गया मतलब गद्दा ज़्यादा सख़्त. हाथ अटक गया मतलब ज़्यादा नरम. समझे गुरुजी? करवट लीजिए. कंधा धँसना चाहिए, कमर नहीं."

याइनं कूस घेतली. म्हणजे वरचं अंग वळलं, पाय मागून आले. हातानं ओढून आणले. दुलीचंदनं ते पाह्यलं. त्याचा पंजा गादीवर होता तिथंच राह्यला.

"भाभीजी," तो मले बाजूले घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी को किसी बड़े डॉक्टर को दिखाया क्या?"

मले असा राग आला! "तुम गद्दा बेचो, भैया," मी म्हणलं. "डॉक्टरी मत करो."

तो बिचारा गाद्यांकडे वळला. काथ्याची कडक गादी काढून देली अन् म्हणाला, आठ दिवस झोपून पाहा, वरची प्लॅस्टिकची पन्नी काढू नका, नाही जमली तं बदलून देतो. हेच आठ दिवस आमचे वैरी निघाले.

कडक गादीवर पहिल्या रात्री याइले बरं वाटलं. मैनाबाई खुश होऊन गावाले गेल्या. पाचव्या दिवशी म्हणे खांदे ठणकतात. आठव्या दिवशी उजवा पाय बी जड झाला. मी म्हणलं, आता गोंदिया. हे म्हणाले, "गादी कडक आहे वं, म्हून पाय बधिर होऊन राह्यला. नरम पाहू न एकदा." अन् मी परत हौ म्हणलं. फोमची आली. तिच्यात हे असे रुतले की कूस मले बदलून द्या लागे. शाळेत जाणं तं बंदच झालं. संडासले जातानी एक हात भिंतीवर, एक माझ्या खांद्यावर.

जबलपूरहून पोरीचा, श्रियाचा, रोज फोन. "मम्मी, एमआरआय हुआ क्या?"

"तारीख मिळाली आहे," मी सांगे.

"कौन सी तारीख?"

"अवो, मिळाली आहे म्हणलं न! बापाची काळजी मले नाही का?" असं ओरडून मी फोन ठेवून दे. ओरडलं की लोक पुढचं विचारत नाहीत, हे मले लहानपणापासून माहीत आहे.

तिसरी गादी दुलीचंदनं स्वतः आणून देली. खाली कडक, वर दोन बोटं नरम. त्यानं ती पलंगावर टाकली, चारी कोपरे दाबून पाह्यले, पण माझ्याकडे काही पाह्यलं नाही. जातानी दारात थांबला, याइच्या पायांकडे पाह्यलं, अन् गेला. त्या दिवशी मले खरंच भेव वाटलं. तरी म्हणलं, एवढी एक पाहू.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आली तं हे जागे होते. चेहरा असा की महिनाभरात पाह्यला नव्हता.

"उमा, हीच ठेव. पन्नी काढून टाक हिची."

"काहून? काय झालं?"

"दुखणं गेलं. रात्रभर एक कळ नाही. अंग कसं हलकं झालं, जसं खालचं काही माझं नाहीच."

माझे डोळे भरून आले. कप तिथंच ठेवला अन् रामपायलीले फोन लावला. "बाई, दुखणं गेलं!" मैनाबाई तिकडे रडायलेच लागल्या, म्हणल्या, आत्ताच राममंदिरात नारळ फोडते. मी बी रडली, हसली. मनातून कितीतरी दिवसांचा दगड उतरला. गुन्हा माझा होता, अन् मी तो धुतला, असंच वाटलं मले.

फोन ठेवला अन् पन्नी फाडायले पलंगाशी आली. चादरीचा कोपरा उचलून हात आत घातला.

हात ओला झाला.

चादर ओली होती, लुंगी ओली होती, पन्नीवर लघवीचं पाणी साचलं होतं. गार पडलं होतं, म्हणजे बऱ्याच वेळचं होतं. अन् हा माणूस त्यात पडून मले दुखणं गेलं म्हून सांगत होता.

"अजी," मी म्हणलं. "अजी, उठा जरा."

"हौ, उठतो न."

याइनं पलंगाची कड धरली, मान उचलली, हाताच्या शिरा ताणल्या. पांघरुणाखाली काहीच हललं नाही. मी पांघरूण ओढून काढलं. पाय जसे ठेवले होते तसेच पडले होते.

"उठा न हो," मी ओरडली. आयुष्यभर ओरडली, पण असं कधी ओरडली नाही.

"उठून तं राह्यलो," हे म्हणाले, अन् माझ्याकडे पाहून हसले. "अशी काहून रडतेस? आता काहीच दुखत नाही न मले."