बदकांची घडी आणि दोरीवरचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी कापडी घडी आहे. पाळीच्या दिवसांत वापरतात ना, ती. दुकानात माझ्या जातीला कापडी पॅड म्हणतात, आमच्या घरात मात्र नुसतं ‘ते’ म्हणतात. ‘ते’ धुतलंस का, ‘ते’ उचललंस का. मी पक्की जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांवर जळण्यात गेलं आहे.

माझा जन्म एका तुंबलेल्या पाइपमुळे झाला. घरात दोन बहिणी. मोठ्या ताईला बाळ होणार होतं आणि धाकटी शाळेत होती. एकदा शाळेच्या घाईत धाकटीने विकतचं पॅड संडासात टाकलं आणि पाणी सोडलं. ते फुगून पाइपमध्ये अडकलं आणि खालच्या मजल्यावर पाणी उलटं आलं. प्लंबरने तार घालून ते बाहेर ओढलं.

“कचऱ्यात टाकत जा, बाळा,” तो म्हणाला. “यात प्लास्टिक असतं. हे काही विरघळत नाही.”

तो गेल्यावर धाकटीने ताईला विचारलं, “म्हणजे मी आजवर टाकलेली सगळी कुठेतरी तशीच पडून असतील?”

“असतील की. माझी आहेतच, आईचीही असतील.”

“मग मला नकोत ती. तू मला कापडाची शिवून दे.”

ताईने बाळाच्या लंगोटांसाठी पिवळ्या बदकांचं मऊ फ्लॅनेल आणलं होतं. त्यातूनच तिने माझ्यासारख्या काही घड्या शिवल्या. आत जुन्या टॉवेलचे थर आणि दोन बाजूंना टिचबटणं. बाळाच्या लंगोटांना नाड्या लावल्या. आम्ही एकाच कापडाच्या, एकाच कात्रीखालून निघालेल्या सख्ख्या बहिणी. आमचं नशीब मात्र एक नव्हतं.

त्याआधी पाकिटवालीचं, म्हणजे विकतच्या पॅडचं सांगते, कारण तिच्यावर मी सगळ्यात आधी जळले. आई अजून तीच वापरायची. ती यायची गुलाबी पाकिटात, घडीला घडी लावून, नाजूक वासाची. तिला कोणी घासत नाही, पिळत नाही. काही तासांचं काम करायचं, मग कचऱ्याच्या गाडीतून फिरायला जायचं आणि तिथं शेकडो वर्षं पडून राहायचं. एवढ्याशा नोकरीला एवढी लांब पेन्शन. मी वर्षानुवर्षं राबून शेवटी विरणार, आणि ही राहणार. तुम्हीच सांगा, जीव जळणार नाही तर काय होईल?

पण खरी आग लावली ती लंगोटाने. बाळ झालं आणि लंगोट गॅलरीतल्या दोरीवर मिरवू लागले. सकाळचं कोवळं ऊन, वारा, येणाऱ्याजाणाऱ्यांचं कौतुक. “अगंबाई, किती गोड बदकं,” असं शेजारीण रोज म्हणायची. बदकं माझ्याही अंगावर होती. मला मात्र बाथरूमच्या दाराआड, खिळ्यावर, ओल्या टॉवेलखाली लटकवायचे. ही आईची शिस्त. “घरात पुरुषमाणूस आहे,” एवढंच ती म्हणायची. लंगोटाचे डाग काय होते ते मी त्याच बादलीत पाहिलं आहे. त्याचे चालतात, माझे चालत नाहीत, हा कुठला न्याय?

दाराआड मी कधी नीट वाळलेच नाही. मला कुबट वास येऊ लागला. पावलांचा आवाज आला की धाकटी मला अर्धवट ओलीच उचलायची आणि तशीच वापरायची. तिच्या मांड्यांना पुरळ उठलं, चालताना ती कळवळू लागली.

“पुरे झालं तुझं,” आई म्हणाली. “उद्या ‘ते’ सगळं फेकून दे. मी पाकीट आणते.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, मला नकोत गं ती,” एवढंच ती बोलली. पण खाज सोसवत नव्हती, त्यामुळे शेवटी तिने मान डोलावली. पाकिटवाली जिंकली होती. त्या क्षणी मी तिच्यावर जळले तशी कधीच जळले नसेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कपडे वाळत घालायला आले. ते बसचालक, दुपारपाळीवर जायचे, म्हणून सकाळचं धुणं त्यांच्याकडे. दाराआडचा टॉवेल काढताना त्यांना मी दिसले. बदकं पाहिली आणि त्यांनी मला सरळ लंगोटांच्या रांगेत चिमटा लावला.

मित्रांनो, ऊन काय असतं ते मला तेव्हा कळलं. माझे आतले थरसुद्धा खडखडीत वाळले.

आईने गॅलरीत पाऊल टाकलं आणि तिचा चेहरा उतरला. “अहो, हे इथं कोणी घातलं?”

“मी. बाळाचं आहे ना? ओलं होतं, वास मारत होतं. एकालाच बटणं का लावलीत, तेवढं कळलं नाही.”

आई त्यांच्या कानाशी लागली. बाबांचे कान लाल झाले. धाकटी दारात उभी होती, मान खाली घालून. आईने मला काढायला हात वर केला.

“थांब,” बाबा म्हणाले. “तिला पुरळ उठलंय म्हणालीस ना, ते या ओलीमुळेच?”

आईने वर केलेला हात खाली घेतला.

बाबांनी माझा चिमटा काढला. माझ्यावर गॅलरीच्या गजाची सावली सरकत आली होती. त्यांनी मला पुढच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, स्वतःच्या खाकी शर्टाशेजारी लावलं. मग मागे न बघता म्हणाले, “बाकीची कुठे आहेत? आण इकडे.”

धाकटी धावतच आत गेली.

मित्रांनो, आम्हाला धुवा आणि उन्हात वाळवा, एवढंच मागणं आहे. दाराआड आम्हाला कुबट वास लागतो, मग तुम्ही पाकिटवालीकडे जाता. आणि ती गेली असं तुम्हाला वाटतं तेव्हा ती कुठेच गेलेली नसते.