भिंगाला न दिसलेला दांडा

दुर्गाला एकच गोष्ट समजेना. घड्याळ घ्यायला निघालेला हा माणूस काही विचारत काऊन नाही?

घड्याळ स्विस, पन्नास वर्षांचं, अंगावर खरं सोनं. तिचा बाप देवाजी गोंदियाच्या बाजारात फूटपाथवर तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आलेला. एका राईस मिलवाल्यानं बंद पडलेलं हे घड्याळ मजुरीपोटी त्याच्या गळ्यात मारलं, आणि देवाजीनं ते चालू केलं. आता त्याची नजर अधू झाली होती. टेबल दुर्गा सांभाळायची, आणि नगरपालिका फूटपाथ मोकळा करायच्या मागे लागली होती. समोरचा गाळा घ्यायचा तर दोन लाख हवेत. म्हणून २०१४च्या दिवाळीनंतर तिनं मोबाइलवरून घड्याळाची जाहिरात लावली. किंमत दोन लाख, आणि खाली ठोकून दिलं, 'सगळे पार्ट कंपनीचे.'

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "मैडम, मैं फौज में हूँ. दाम मंजूर है. आप बस पार्सल कर दो."

आता बघा, गोंदियात धानाचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय कोणी पोत्याला हात लावत नाही. आणि हा गडी दोन लाख मोजायला निघाला, तो घड्याळ चालतं की बंद आहे हेही न विचारता! दुर्गाला राग नाही आला, नवल वाटलं. तिनं मुद्दामच थाप मारली, "दोनों काँटे टूटे हैं." तो म्हणाला, "कोई बात नहीं." म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यानं खात्याचा नंबर मागून घेतला, आणि तासाभरात मेसेज आला, खात्यात दोन लाख जमा. पण मेसेज बँकेच्या नावानं नव्हता, दहा आकड्यांच्या साध्या मोबाइल नंबरावरून होता. तरी दोन लाख कोणाला नको असतात? ती बँकेत गेली, पासबुक भरून घेतलं. शिल्लक चार हजार तीनशे, होती तेवढीच. तसं फोनवर सांगितलं तर साहेब उखडले. फौजी पे शक करती हो, पुलिस भेजूँगा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! दुर्गानं सगळं ऐकून घेतलं, कारण असला माणूस पुढं काय बोलतो हे तिला ऐकायचंच होतं. मग फोन ठेवला.

पंधरवड्यानं नागपूरहून चुन्नीलाल आले, जुन्या घड्याळांचे व्यापारी. त्यांनी फोनवरच वीस प्रश्न विचारले होते, म्हणून तिनं त्यांना बोलावलं, तेही घरी नाही, बँकेत. दोन लाखांची रोख काउंटरवर भरायची, पासबुकात आकडा उतरला की मगच घड्याळ द्यायचं, असं ठरलेलं. चुन्नीलालांनी बाकावर बसून मागचं झाकण उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं. शेजारी देवाजी कान देऊन बसला होता.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "एकच सांगा बाई. आतलं सगळं कंपनीचंच ना?"

घ्या! पंधरवडाभर दुसऱ्याची लबाडी हुंगत बसलेली दुर्गा, तिला आपली लबाडी आठवलीच नव्हती. आतलं चाक ज्यावर फिरतं तो केसाएवढा दांडा कंपनीचा नव्हता. पार्ट मिळेना म्हणून देवाजीनं तो सुईच्या पोलादातून घडवला होता. भिंगवाल्याला तो दिसला नव्हता. नुसतं हो म्हटलं की गाळा तिचा.

तिला त्या फौजीचा आवाज आठवला आणि स्वतःची लाज वाटली. "नाही," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं. चाकाचा दांडा बाबांच्या हातचा आहे."

चुन्नीलालांनी पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि साठ हजार कमी केले. व्यापारी माणूस, तो कशाला सोडतो! दुर्गानं मान डोलावली.

देवाजी मात्र पुढे सरकला. "साहेब, आधी दिसला होता का तुमाले?"

"नाही."

"भिंगातून बी नाही?"

"नाही हो, खरंच नाही."

पैसे पासबुकात उतरले, घड्याळ नागपूरला गेलं. रस्त्यात दुर्गाला रडू फुटलं. "गाळा गेला, बाबा."

"गेला तं गेला. पन भिंगातून बी दिसला नाही त्याले."

बापाचा तिला असा राग आला की विचारू नका. तिनं डोळे पुसले. पाच पावलं गेली, आणि तिच्यानं राहवेना. "कसा केला होता जी तो दांडा?"

देवाजी भर रस्त्यात थांबला. सहा सुया मोडल्या होत्या, तो सांगू लागला, सातवी लागली. त्या दिवशी दहा मिनिटांवरच्या घरी पोचायला त्यांना तास लागला.