आबांनी वाचलेली पाटी

आमच्या आबांना पाटी दिसली की ती पाळायचीच. बँकेत 'रांगेत उभे राहा' लिहिलेलं असलं की आत चिटपाखरू नसलं तरी ह्ये रांगेत. दवाखान्यात 'शांतता राखा' वाचून डॉक्टरला कुठं दुखतंय ते बी सांगितलं न्हाय, नुसतं बोट दाखवलं. डॉक्टरनं मला फोन केला, "अमरसिंह, तुमच्या वडिलांची वाचा गेली काय?"

महाद्वार रोडला आमचं फेट्यांचं दुकान हाय. सावलीला टेकायला अर्धी पेठ येती, चकाट्या पिटती आणि जाती. म्हणून मी पाटी लावली, 'काम नसल्यास बसू नये.' आता ती रिकामटेकड्यांसाठी हाय, ह्ये शेंबडं पोर बी सांगंल. पण आबांनी दुकान माझ्या हातात दिलेलं, म्हणजे त्यांना काम न्हाय. ते उठले आणि शेजारी पारसच्या दुकानात जाऊन बसले, ते बी फेट्यांचंच. तिथं पाटी होती, 'आपलंच दुकान समजा.' त्यांनी समजलं.

नुसतं बसले असते तर एक वेळ चाललं असतं. तिथं ते फेटे बांधाय लागले. आबांनी बांधलेला फेटा घोडं उधळलं तरी सुटायचा न्हाय, ह्ये सगळ्या कोल्हापूरला ठाऊक. ती लग्नाची गिऱ्हाइकं आता पारसकडं. पण गिऱ्हाइकांचं मरू दे. तो पारस "आबा, चा घ्या की" म्हणायचा आणि आबा हसायचे. माझ्या चहाला कधी हसल्याचं मला आठवत न्हाय. माझी नुसती आग व्हायची. बाप माझा, आणि मिरवतोय कोण?

पाटी काढून टाकली. रात्री जेवताना मुद्दाम मोठ्यानं बायकोला म्हटलं, "तेजस्वी, ती पाटी काढली बरं का."

"काढली तरी वाचलीय की मी," आबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

मग मी पारसपेक्षा दुप्पट मोठी पाटी रंगवून घेतली, 'हे तुमचं घरच समजा.' आबांनी ती वाचली, मान डोलावली, "बरं, ह्ये घर. आता दुकानात जातो," म्हणाले आणि पारसकडं गेले. माझ्याकडं आला गगनबावड्याचा केरबा, लग्नाचं सगळं वऱ्हाड घेऊन. पावसात भिजलेली माणसं. बायकांनी माझ्या फेट्यांच्या दांडीवर ओली लुगडी वाळत घातली. पोरांनी भाकरीची गठुळी सोडली. केरबा माझा लोड उशाला घेऊन गादीवर आडवा झाला आणि मला म्हणाला, "पावणं, जरा पाणी आणा."

"मी आणू?"

"मग घरात आणि कोण हाय?"

आणलं, काय करतोय. खाऊन-पिऊन, झोप काढून सगळे उठले आणि फेटे घ्यायला गेले पारसकडं. "तिथलं म्हातारं झकास बांधतंय," जाताजाता केरबा म्हणाला.

माझं टकुरंच फिरलं. आज पारसला सोडायचा न्हाय म्हणून तरातरा त्याच्या दुकानात घुसलो. पारस माळ्यावर कापड काढाय गेलता. खाली केरबाची मंडळी ओळीनं बसलेली, आणि आबा मागं उभं राहून एकेकाला फेटा बांधत पुढं सरकत होते. भांडायला समोर कुणी न्हाय, उभं राहायला जागा न्हाय. ओळीच्या टोकाला मी बी बसलो.

आबांचे हात माझ्या डोक्यावर आले. "पावणं, मान सरळ ठेवा," ते म्हणाले. माझ्या लग्नानंतर ते हात माझ्या डोक्याला लागले नव्हते, आणि हितं कुणाच्या बी डोक्याला रोज लागत होते. मला रडू यायला लागलं, आणि त्याचा अजूनच राग आला.

दोन वेढे झाले आणि हात थांबले.

"टाळकं तापलंय," आबा म्हणाले. "आमच्यातलंच दिसतंय."

"आबा, चला की आपल्या दुकानात."

"कुठल्या पाटीवर लिहिलंय?"

"पाटीवर न्हाय. मी म्हणतोय."

आबांनी फेटा नीट पुरा केला, टोकाचा शेव खोचला, तुरा सरळ केला. मग माळ्याकडं तोंड करून हाक मारली, "पारसा, येतो रं. पोरगं न्यायला आलंय."